शेतकऱ्याचे घरचें सुतारकाम : विजेच्या करवतीनें तिरका काप घेण्याची सुरक्षित रीत

शेतकऱ्याच्या घरीं वर्षभर कांहीं ना कांहीं सुतारकाम निघतच असतें. गोठ्याचें फाटक एका अंगास लोंबतें, खिडकीच्या जाळीची चौकट पावसानें कुजते, कोंबड्यांचें खुराडें मोडतें, कौलांखालचा वासा किडतो. पूर्वीं हें काम बलुतेदार सुताराकडे असे. सुगींत त्याचें बलुतें खळ्यावर घालावें व वर्षभर त्यानें आपलीं आउतें व घरचें लांकूडकाम नीट ठेवावें, अशी रीत होती. ती रीत आतां बहुतेक ठिकाणीं मोडली. पंचक्रोशींत हातचा सुतार एखादाच उरला आहे, व तोहि शहरांतील कामांत गुंतलेला असतो. यामुळें अनेक शेतकऱ्यांनीं विजेचीं हत्यारें घरींच आणलीं आहेत. त्यांतील एक हत्यार म्हणजे ठरविलेल्या कोनांत लांकूड कापणारें करवतयंत्र. दुकानांत यास 'मायटर सॉ' म्हणतात. प्रस्तुत लेखांत या यंत्रानें तिरका काप कसा घ्यावा, तो बरोबर कसा यावा, व तो घेतांना हात शाबूत कसे राहावे, याचा विचार करण्याचें योजिलें आहे.

आम्ही सुतार नव्हों. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों व घरची आठ एकर जमीन पाहूं लागलों. तेव्हां या विषयावर लिहिण्याचा आमचा अधिकार कोणता, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर आमच्या डाव्या अंगठ्यावर आहे. त्याचें पहिलें पेर अर्धें नाहींसें झालें आहे.

हकीकत येणेंप्रमाणें. गोठ्याच्या फाटकाच्या चारहि कोपऱ्यांत बसविण्यास त्रिकोणी गुटक्या हव्या होत्या. तीन कापून झाल्या होत्या. चौथीसाठीं वीतभर तुकडा उरला होता. यंत्राबरोबर लांकूड आवळून धरण्याचा क्लँप आला होता. तो भिंतीच्या खिळ्यास टांगलेला होता, समोर दिसत होता, व एवढ्याशा कामासाठीं तो कोण लावीत बसतो, असें आमच्या मनांत आलें. तुकडा डाव्या हाताच्या अंगठ्यानें दाबून धरला व पातें खालीं आणलें. पातें टेकतांच तुकडा बाजूस सरकला, व त्यावर दाबलेला अंगठाहि त्याबरोबरच गेला. हें सर्व पापणी लवण्यापूर्वींच घडलें. नोकरीच्या तीस वर्षांत आम्हीं कित्येक कागदांवर इतरांचे डावे अंगठे उमटवून घेतले. आतां ठसा घेण्याच्या यंत्रावर आमचाच डावा अंगठा उमटत नाहीं.

पुढें महिन्याभरानें तीच गुटकी आम्हीं गुण्यास लावून पाहिली. तिचा कोनहि चुकला होता. त्या दिवशीं आम्हांस जें उमगलें, तेंच या लेखाचें सार आहे. तिरक्या कापांत कोन बिघडणें व हातास इजा होणें हीं दोन वेगळीं संकटें नाहींत. दोहोंचें मूळ एकच, तें म्हणजे कापतांना लांकूड जाग्यावरून हलणें. ज्यानें लांकूड हलूं दिलें नाहीं, त्याचा काप खरा येतो व त्याचीं बोटेंहि राहतात.

यंत्राची ओळख

यंत्राचे मुख्य भाग चार. पहिला, खालचें सपाट मेज. त्याचा मधला वाटोळा भाग डावीउजवीकडे फिरतो व त्याच्या कडेस अंशांच्या खुणा असतात. दुसरा, मेजाच्या मागच्या अंगास उभी असलेली धातूची पट्टी, जिला लांकूड टेकवावयाचें. तिला आपण पाठपट्टी म्हणूं. तिसरा, दांड्यावर बसविलेलीं मोटर व गोल पातें, जीं मुठीनें खालीं ओढावयाचीं. चौथा, पात्यावरचें झांकण, जें पातें खालीं येतांना आपोआप उघडतें व वर जातांच मिटतें. हें झांकण अडकतें म्हणून कांहीं लोक तें दोरीनें बांधून ठेवतात किंवा काढूनच टाकतात. असें कदापि करूं नये. झांकण अडकत असेल तर वीज काढून त्यांतील भुसा झाडावा. तरीहि न सुधारल्यास यंत्र दुरुस्तीस द्यावें.

पात्याच्या वेगाची कल्पना असणें अवश्य आहे. दहा इंची पात्याच्या यंत्रांत पातें मिनिटास ५,००० च्या आसपास फेरे घेतें. पात्याचा परीघ सुमारें ८० सेंटिमीटर. म्हणजे त्याचा प्रत्येक दांता मिनिटास सुमारें ४ किलोमीटर, अर्थात् तासास सुमारें २४० किलोमीटर या वेगानें धांवतो. 'पातें जवळ आलें कीं हात मागें घेऊं' हा भरंवसा या वेगापुढें व्यर्थ आहे. हात आधींच दूर असला पाहिजे.

पातें घेतांना त्यावर छापलेली कमाल फेऱ्यांची संख्या यंत्राच्या फेऱ्यांपेक्षां कमी नाहीं, हें पाहून घ्यावें. चौकटीच्या स्वच्छ कापास दहा इंची पात्यास ६० ते ८० दांते असावेत. दांते पुढें फार झुकलेलें पातें लांकडास हिसका देऊन ओढतें. तें या यंत्रास योग्य नाहीं. लोखंडी अँगल कापण्याचें घासचाकाचें यंत्र दिसण्यांत यासारखेंच असलें, तरी तें निराळें. लांकडाच्या यंत्रावर घासचाक चढवून लोखंड कापूं नये. ठिणग्या सांचलेल्या भुशांत पडून आग लागते.

अंशांचें वाचन

या यंत्रावरील अंश वाचतांना नवख्याची हटकून चूक होते. मेजावरील शून्याची खूण म्हणजे सरळ आडवा काप, म्हणजेच लांकडाच्या कडेशीं काटकोन. पुढचे आंकडे हे त्या काटकोनापासून पातें किती वळलें, हें दाखवितात. ३० वर यंत्र लावलें म्हणजे लांकडाचें टोंक ३० अंशांचें होत नाहीं, तर ६० अंशांचें होतें. हें एकदां ध्यानांत ठेविलें म्हणजे पुष्कळ लांकूड वांचतें.

बंदिस्त आकृतीच्या सारख्या बाजूंसाठीं नियम सोपा आहे. १८० ला बाजूंच्या संख्येनें भागावें. येईल तो आंकडा यंत्रावर लावावा. चौकोनास ४५, झाडाभोंवतीं बसविण्याच्या षट्कोनी कठड्यास ३०, व अष्टकोनी कुंडीस साडेबावीस. या आंकड्यांवर बहुतेक यंत्रांत मेज आपोआप खांचेंत बसतें. तथापि खांचेंत बसलें तरी आवळण्याची मूठ आवळावी.

यंत्रावरील खुणांवर आंधळा विश्वास ठेवूं नये. मोजणीदार शेतांत नेहमीं एका मापाचा ताळा दुसऱ्या मापाशीं घेतो. तसाच ताळा येथें घ्यावा. टाकाऊ पट्टीचे दोन तुकडे ४५ वर कापून एकमेकांस जोडावे व बाहेरून गुण्या लावावा. प्रकाश दिसला तर यंत्र सुधारून घ्यावें, मगच चांगल्या लांकडास हात घालावा. एका कापांत अर्ध्या अंशाची चूक म्हणजे कांहींच नाहीं, असें वाटतें. परंतु चौकटीस काप आठ असतात. एकाच अंगाच्या आठ चुका मिळून चार अंश होतात, व त्या सर्व शेवटच्या कोपऱ्यांत एकवटतात. दोन इंची पट्टीच्या चौकटींत तेथें सुमारें ५ मिलिमीटरची फट पडते. ती सरसानें बुजत नाहीं, व पहिल्याच पावसाचें पाणी तींत शिरतें.

तिरक्या कापांत लांकूड कां सरकतें

पातें पुढच्या अंगास खालीं उतरतें व तळाशीं मागें, म्हणजे पाठपट्टीकडे जातें. सरळ कापांत त्याची सर्व ओढ पाठपट्टीच्या दिशेनें असल्यानें पातें लांकडास पट्टीवर दाबूनच धरतें. तिरक्या कापांत तसें नाहीं. त्या ओढीचा एक वांटा पट्टीकडे जातो व दुसरा वांटा लांकडास पट्टीच्या कडेनें बाजूस ढकलतो. ४५ अंशांवर हे दोन्ही वांटे सारखे होतात. गुळगुळीत पट्टीवर गुळगुळीत लांकूड मग सरकल्यावांचून राहत नाहीं. सरळ कापाचे शंभर तुकडे हातानें धरून निर्वेध कापले, म्हणून एकशें पहिला तिरका तुकडा तसाच कापतां येईल, हा जो समज आमचा होता, त्याचें खोटेपण एवढ्यांतच आहे.

यावर उपाय तीन. पहिला व मुख्य, क्लँप. तिरका काप असेल तेव्हां तुकडा लांब असो कीं आखूड, तो क्लँपनें मेजावर आवळावा. दुसरा, पाठपट्टीच्या पुढें एक सरळ फळी मागून स्क्रूनें बसवावी व तिच्यावर पॉलिश पेपरची पट्टी चिकटवावी. खरखरीत अंगामुळें लांकूड घसरत नाहीं, व मूळ पट्टीच्या मधल्या फटींतून बारीक तुकडे मागें फेंकले जात नाहींत. स्क्रू मात्र पात्याच्या वाटेंत येऊं देऊं नयेत. तिसरा, वांकडें लांकूड ओळखणें. पट्टी किंचित् धनुष्यासारखी वांकलेली असेल तर तिचा फुगीर भाग पाठपट्टीकडे करावा व जेथें कापावयाचें तेथेंच तो टेकलेला असावा. उलट ठेवल्यास मध्यें फट राहते, कापतांना दोन्ही तुकडे आंत मिटतात व पातें त्यांत चिमटतें. मेज व लांकूड यांमध्येंहि भुसा किंवा ढलपी राहूं देऊं नये.

हातांची जागा

पात्यापासून दोन्ही अंगांस सहा सहा इंच, म्हणजे १५ सेंटिमीटर, जागा हातास वर्ज्य समजावी. मेजावर तांबड्या रंगानें तशा रेघाच ओढून ठेवाव्या. आमच्या यंत्रावर त्या आतां आहेत. मेज डावीकडे वळविलें कीं पात्याची पुढची वाट डाव्या हाताच्या अंगास येते, व उजवीकडे वळविलें कीं उजव्या हाताच्या. म्हणून कोन बदलला कीं हें अंतर नव्यानें पाहावें. एका हातानें मूठ धरली असतां दुसरा हात पात्याच्या पुढून आडवा नेऊन पलीकडचें लांकूड कधींहि धरूं नये. उभें राहतांना पात्याच्या अगदीं रेषेंत न राहतां किंचित् एका बाजूस राहावें.

ज्या तुकड्याला धरतांना हात तांबड्या रेघेच्या आंत जातो, तो तुकडा हातानें धरावयाचाच नाहीं. लहान गुटक्या हव्या असतील तर लांब पट्टी घ्यावी, तिचा लांब भाग क्लँपनें आवळावा व टोंकाकडून एकेक गुटकी कापीत यावें. पट्टी संपत आली म्हणजे उरलेला तुकडा चुलीसाठीं ठेवावा. त्या तुकड्याची किंमत दोन रुपयेहि नसते. आम्हीं त्यासाठीं काय मोजलें, तें वर सांगितलेंच आहे. अगदींच बारीक काम असेल तर खांचा पाडलेल्या लांकडी पेटींत हातकरवतीनें कापावें. त्यांत वेळ पांच मिनिटें जास्त जातो, एवढेंच.

काप घेण्याचीं कलमें

पुढील क्रम कागदावर लिहून यंत्राजवळच्या भिंतीवर लावावा, व पाठ झाला तरी सोडूं नये.

१. प्लग काढलेला असतांना मेज कोनावर लावावें व मूठ आवळावी. पातें बदलणें, कोन लावणें, भुसा काढणें हीं सर्व कामें प्लग काढूनच करावीं.

२. लांकूड तपासावें. जुन्या वाड्याच्या लांकडांत खिळे दडलेले असतात. ते सर्व उपटावे. सुटी गांठ कापाच्या रेषेवर येऊं देऊं नये.

३. रेघ पेन्सिलीनें आंखावी व टाकाऊ अंगावर फुली करावी. पात्याच्या दांत्यांची जाडी सुमारें अडीच ते तीन मिलिमीटर असते. पातें फुलीच्या अंगास चालावें, रेघेवर नव्हे.

४. लांकूड पाठपट्टीस व मेजास टेकवून क्लँपनें आवळावें. लांब वाशाचीं बाहेर आलेलीं टोंकें मेजाच्या उंचीच्या घोडीवर टेकवावीं, नाहींतर तीं आपल्या भारानें लांकूड उचलतील.

५. वीज बंद असतांनाच पातें एकदां तळापर्यंत खालीं आणून पाहावें. तें क्लँपला किंवा पाठपट्टीला लागत नाहीं ना, याची खात्री करावी. कांहीं यंत्रांत पातें कुशीवरहि कलतें; तसें कलविल्यास पाठपट्टीचा वरचा भाग बाजूस सरकवावा लागतो, तें येथें कळतें.

६. प्लग लावावा. हात रेघेबाहेर आहेत, हें पाहावें. पातें लांकडापासून वर असतांना कळ दाबावी व पूर्ण वेग येईपर्यंत थांबावें.

७. पातें सावकाश खालीं आणावें. मोटरचा आवाज दबला कीं आपण घाई करतों आहों, असें समजावें.

८. काप पुरा होतांच कळ सोडावी, परंतु मूठ वर उचलूं नये. पातें खालींच असतांना पूर्ण थांबूं द्यावें. थांबल्यावर वर उचलावें, व नंतरच तुकड्यांस हात लावावा. फिरतें पातें वर उचलतांना सुटा तुकडा त्याच्या दांत्यांत सांपडून गोफणीच्या दगडासारखा उडतो.

एकाच लांबीचे पुष्कळ तुकडे कापावयाचे असतां एका बाजूस अडसर लावतात. तो एकाच बाजूस असावा. दुसऱ्या बाजूचा तुकडा मोकळा राहिला पाहिजे. दोन्हीकडून कोंडलेला तुकडा पात्यांत अडकून उसळतो.

तीन घरगुती उदाहरणें

चौकट. खिडकीचें आंतील माप २४ इंच व पट्टीची रुंदी २ इंच असेल, तर पट्टीची बाहेरील कड २४ अधिक दोन्हीकडचे दोन दोन इंच, म्हणजे २८ इंच असावी. नेहमीं ही लांब कड मोजावी, आंतील नव्हे. समोरासमोरच्या दोन पट्ट्या एकमेकींस लावून तंतोतंत सारख्या करून घ्याव्या. कोन खरे असूनहि बाजू कमीजास्त असल्या तर कोपरे मिळत नाहींत. जोडल्यावर दोन्ही कर्ण मोजावे. ते सारखे आले कीं चौकट काटकोनांत आहे.

फाटकाचा कर्ण. फाटक लोंबूं नये म्हणून जी तिरकी पट्टी घालतात, ती खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यापासून वर सुट्या अंगाच्या कोपऱ्याकडे चढती असावी, म्हणजे फाटकाचा भार ती दाबून तोलून धरते. उलट घातल्यास ती ताणली जाते व सांधे उकलतात. आंतील उंची ४ फूट व रुंदी ३ फूट असेल तर टोंकांचा कोन यंत्रावर ३७ च्या अगदीं जवळ येतो. पट्टीच्या रुंदीमुळें त्यांत थोडा फरक पडतो. म्हणून चौकट जमिनीवर आडवी ठेवून तिच्यावर पट्टी मांडावी, रेघा तेथेंच आंखाव्या व यंत्र त्या रेघांशीं जुळवून घ्यावें. हिशेबापेक्षां येथें मांडणी श्रेष्ठ.

वासा. कौलारू पाख्यास दोन फुटांस एक फूट असा चढ दिला तर वाशाच्या वरच्या उभ्या कापास यंत्र साडेसव्वीस अंशांवर लावावें. बारा फूट रुंदीच्या गोठ्यांत आढें मध्यावर असेल, तर अर्धी रुंदी ६ फूट व उंची ३ फूट होते. आढ्यापासून भिंतीपर्यंत वाशाची लांबी ६ फूट साडेआठ इंच येते. वळचणीचें लांकूड त्याहून निराळें धरावें. एक वासा कापून जागेवर बसवून पाहावा, मग त्यावरून बाकीचे कापावे.

वीज, कपडे व भुसा

आपल्याकडे वीज भरवशाची नाहीं. काम चालू असतां ती गेली तर प्रथम कळ सोडावी व प्लग काढावा. कळ दाबलेली राहावी म्हणून तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळणें म्हणजे, वीज परत येईल तेव्हां यंत्र आपणहून सुरू होईल, अशी तजवीज करणें होय. यंत्रास लांब व बारीक वायर जोडूं नये. तिच्यांत दाब उतरतो, मोटर तापते व पातें लांकडांत अडखळतें. शॉक लागण्यापूर्वीं वीज तोडणारें उपकरण घरांत बसवून घ्यावें. माणसाच्या रक्षणास तें ३० मिलिअँपिअरचें लागतें. ओल्या जमिनीवर किंवा पावसांत यंत्र चालवूं नये.

धोतराचा सोगा, खांद्यावरचें उपरणें, सैल बाह्या, गळ्यांतील माळ, हातांतील अंगठी यांपैकीं कांहींहि यंत्राजवळ नको. हातमोजे हातांचें रक्षण करतील असें वाटतें. पण फिरत्या पात्याजवळ मोज्याचा धागा अडकला तर तो सबंध हात आंत ओढतो. म्हणून मोजे घालूं नयेत. डोळ्यांस बंदिस्त चष्मा मात्र अवश्य घालावा, व कानांत बोळे घालावे. बारीक भुसा छातींत गेल्यानें नुसता खोकलाच होतो असें नाहीं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें १९९५ सालीं लांकडाची धूळ माणसांत कर्करोग उत्पन्न करणारी ठरविली आहे. तेव्हां नाकावर चांगला मास्क बांधावा व काम वाऱ्याच्या जागीं करावें.

काम दिवसाउजेडीं, पोट भरलेलें असतां व मन स्वस्थ असतां करावें. थकवा आला कीं 'एवढा एकच तुकडा' हा मोह होतो. आमचाहि तो शेवटचाच तुकडा होता. मुलांस यंत्राजवळ येऊं देऊं नये, व काम संपतांच प्लग काढून यंत्र कुलुपांत ठेवावें.

अपघात झालाच तर

एवढें करूनहि इजा झाली तर घाबरून हळद, चुना किंवा राख जखमेंत भरूं नये. स्वच्छ फडक्यानें जखम घट्ट दाबून धरावी व हात छातीहून उंच ठेवावा. बोटाचा भाग तुटला असेल तर तो शोधून ओल्या स्वच्छ फडक्यांत गुंडाळावा, प्लॅस्टिकच्या पिशवींत बंद करावा व ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यांत ठेवावी. तुटलेला भाग नुसत्या बर्फावर किंवा पाण्यांत ठेवूं नये. त्यानें तो मरतो. मग क्षणाचाहि विलंब न लावतां मोठ्या रुग्णालयांत जावें. महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावितां येते. आमच्या घरीं हें कोणासहि माहीत नव्हतें. तो तुकडा भुशांत शोधण्याचें सुचलें, तेव्हां घरच्यांनीं जागा झाडून भुसा उकिरड्यावर टाकलाहि होता.

उपसंहार

यंत्र वाईट आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. जखम भरल्यावर आम्हीं त्याच यंत्रावर फाटक पुरें केलें, व तें आज दोन पावसाळे सरळ उभें आहे. चौथी गुटकी पुन्हां कापली. त्या वेळीं क्लँप लावण्यास लागलेला वेळ आम्हीं घड्याळ लावून पाहिला. अर्धें मिनिटहि लागलें नाहीं. क्लँप आतां खिळ्यावर टांगलेला नसतो, तो यंत्रावरच असतो.

ज्या वाचकांच्या घरीं असें यंत्र आहे, त्यांनीं आजच उठून दोन गोष्टी कराव्या, अशी आमची विनंति आहे. मेजावर तांबड्या रेघा ओढाव्या, व क्लँप जेथें कोठें टांगला असेल तेथून काढून यंत्रास लावावा. आणि घरांत कोणी मुलगा किंवा पुतण्या यंत्र चालवीत असेल, तर त्यास हा लेख वाचून दाखवावा. इत्यलम्.